धातूविरहित

९ जानेवारी २०२५

लॅबच्या वहीत राग लिहायचा नसतो. तिथे तापमान, वजन, वेळ आणि खाली सही. मागे भट्टी चालू असताना लाइट गेली, तेव्हा मी नोंदीखाली 'यांच्या नानाची टांग' असं लिहिलं, तर देवरे सरांनी त्याभोवती लाल गोल काढून ठेवला. म्हणून ही वेगळी वही. हिच्यावर सरांची सही लागत नाही.

आज मात्र राग नाही. आमचा पेपर स्वीकारला! 'कांद्याच्या टरफलांपासून धातूविरहित उत्प्रेरक', असं त्याचं नाव मराठीत होईल. पहिलं नाव माझं, अरिबा महेबूब पिंजारी. शेवटचं सरांचं, ते माझे गाइड. आता मार्चमध्ये समितीपुढे सादरीकरण, मग प्रबंध जमा, मग डॉक्टर अरिबा. लिहून बघितलं. बरं दिसतं.

अम्मीला गावी, देवळ्याला फोन करून समजावलं. (घरी आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलतो, इथे मराठीत उतरवते.) फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन जातो, दुसरीकडून हवा, आणि बाहेर येते वीज आणि पाणी. धूर नाही, काही नाही. पण हवेतला ऑक्सिजन महा आळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि ते सोन्याच्या भावात मिळतं. तेच काम मी काळ्या भुकटीकडून करून घेते. कांद्याची टरफलं युरियाबरोबर भट्टीत जाळली, हवा न लागू देता, की कार्बन तयार होतो आणि त्यात नायट्रोजन घुसून बसतो. तो नायट्रोजन ऑक्सिजनला ढोसून उठवतो. अम्मी म्हणाली, म्हणजे घरातल्या आळशी माणसाला उठवायला बाई लागते तसं. आता काय बोलायचं!

पेपरात एक गोष्ट लिहिली नाही, ती इथे लिहिते. ऑगस्टमध्ये लॅबचा मिक्सर जळाला होता. मी टरफलांचं पोतं उचललं, सटाणा एसटी पकडली आणि देवळ्याला जैतुन खालाच्या मिरची कांडपावर नेलं. खाला अम्मीची थोरली बहीण, हातात घेतलेलं काम चोख. तिखटाचा कण राहू नये म्हणून तिने आधी उखळात खडेमीठ टाकून मुसळं चालवली, मग सगळं पाण्याने धुतलं आणि दुसऱ्या दिवशी माझी टरफलं घातली. ती लोखंडी मुसळं धाडधाड पडायला लागली की बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. एवढी स्वच्छता मी आमच्या लॅबमध्येही पाहिलेली नाही. पेपरात फक्त 'बारीक पूड केली' असं लिहिलं. मिरची कांडप लिहिलं असतं तर सर हसले असते.

२१ जानेवारी

लॅबमध्ये नवं दळणयंत्र आलं. अकीक दगडाची भांडी, आत अकीकाच्याच गोट्या. झाकण लावायचं, बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. सर त्याच्याभोवती नव्या जावयासारखे फिरत होते.

अश्विन माझ्या शेजारच्या टेबलावर पीएचडी करतो. नाशिकच्या कॉलेज रोडचा मुलगा, दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणार. त्याला पुढच्या कामासाठी माझी भुकटी हवी होती, म्हणून त्याने नव्या यंत्रात पूड करून माझ्याच कृतीने नवीन बनवली. ऑक्सिजनच्या चाचणीत ती ढिम्म हलली नाही. माझा आलेख प्लॅटिनमला चिकटून चालतो, त्याचा कुठेतरी खाली लोळतोय.

त्याने विचारलं, "तू पूड कुठे केली होतीस?"

मला त्या 'कुठे'चा राग आला. मी म्हटलं, देवळ्याला, का, आमच्या गावात दळण होत नाही का? तो आपल्या टेबलावर गेला. नाशिकच्या पोरांना गाव म्हटलं की नाक मुरडायची सवयच असते.

३१ जानेवारी

मी स्वतः केली. टरफलं तीच, युरिया तोच, भट्टी तीच. नाही चालली. परत केली, परत नाही. तिसऱ्यांदा तर अश्विनच्यापेक्षाही वाईट आली, आणि तो बघत असताना आली.

सर म्हणाले, काहीतरी राहतंय, नीट बघ. मी नीटच बघतेय. ऑगस्टपासून जी भुकटी माझ्या हाताखाली नाचत होती तिने अचानक संप पुकारलाय. मला भीती वाटतेय. बाहेर कोणाला सांगणार नाही, पण वाटतेय.

७ फेब्रुवारी

आज कळलं की लोक काय बोलतात. पलीकडच्या लॅबमधल्या एकीने मैत्रीण म्हणून सांगितलं, म्हणजे चवीने सांगितलं. मी जुन्या भुकटीत चिमूटभर प्लॅटिनम टाकलं होतं म्हणे. म्हणून ती चालली, आणि आता नवी चालत नाही.

मी तडक सरांकडे गेले. वाटलं, सर खवळतील, त्यांची विद्यार्थिनी आहे मी. सर चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "मुद्दाम नाही गं. पण चुकून, एखादं भांडं आधी प्लॅटिनमला वापरलेलं असेल?" ते 'मुद्दाम नाही' त्यांनी इतक्या सांभाळून म्हटलं की माझ्या अंगाची लाही झाली. इतकं सांभाळून माणूस तेव्हाच बोलतो जेव्हा त्याला खात्री नसते.

मी म्हटलं, माझं भांडं माझं आहे, सर. नखाएवढं प्लॅटिनमसुद्धा त्याच्या आसपास गेलेलं नाही. आणि मी हे सगळ्यांच्या तोंडावर सिद्ध करून दाखवीन. बोलताना आवाज चढला होता. चढू दे.

१६ फेब्रुवारी

देवळ्याला जाऊन आले. विचार केला, जसं पहिल्यांदा केलं तसंच करायचं, एक पाऊलही इकडेतिकडे नाही. सोग्रस फाट्यापासून पोतं मांडीवर घेऊन बसले, भावडबारी घाटात गाडी वळली तेव्हा कंडक्टरने विचारलं, कांद्याचं बी आहे का. मी म्हटलं, टरफलं. त्याने परत विचारलं नाही.

खालाकडे मिरचीचा हंगाम, दारात बायकांची रांग. तरी तिने माझ्यासाठी संध्याकाळी मशीन मोकळं केलं. तेच खडेमीठ, तेच पाणी, उखळ रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी मुसळांवर लालसर पापुद्रा आला होता, तो खालाने फडक्याने पुसला. "तुजं काम हाय म्हनून येवढं करते, नायतर कोन धुतंय," म्हणाली. मी तिचे हात धरून मुके घेतले.

अम्मीला प्लॅटिनमची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, जाऊ दे, मोठ्या लोकांच्या तोंडी लागू नको. अम्मी आयुष्यभर अशीच, कोणाशी भांडण नको, कोणाचं वाईट नको. मी तिच्यावर गेले नाही, हे बरंच झालं.

२४ फेब्रुवारी

चालली!! चालली, चालली, चालली. प्लॅटिनमच्या गळ्यात गळा घालून चालली. तीनदा केली, तिन्ही वेळा. मी अश्विनसमोर कागद आपटला आणि म्हटलं, घे, देवळ्याचं दळण. तो कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, छान आहे, पण का? मी म्हटलं, कांडपाच्या घावाने कार्बनचे थर वेगळे फुटतात, नायट्रोजनला शिरायला जागा होते. हे मला तिथल्या तिथे सुचलं आणि आवडलं. सरांनाही आवडलं. सर तर पुढच्या पेपरचं नाव शोधायला लागले.

अश्विन एवढंच म्हणाला की एकदा धातूची तपासणी करून घे. जळतो, दुसरं काय.

३ मार्च

करूनच टाकते. प्लॅटिनमवाल्यांची तोंडं कायमची बंद व्हायला हवीत. भुकटी उघड्या हवेत जाळायची. कार्बन सगळा उडून जातो, आणि जे राहील ते राखेत दिसेल. काही राहणार नाही, कारण भट्टीनंतर मी ती अॅसिडमध्ये उकळून धुते. प्लॅटिनम तर मी घातलेलंच नाही, आणि दुसरा साधा धातू चुकून आला असता तर तिथेच विरघळून गेला असता.

दुसऱ्या मुशीत अश्विनची न चाललेली भुकटी ठेवली, तुलनेला. त्याने मागितल्या मागितल्या दिली. कालपासून रोजे सुरू झाले, तर भट्टीपाशी त्याने स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि मला बस म्हणाला. आज फार गोड वागतोय, काय भानगड आहे कोण जाणे.

४ मार्च

अश्विनची राख पांढरी. माझी विटकरी.

राखेत अॅसिड घातलं, वर थायोसायनेटचे थेंब. बारावीच्या प्रॅक्टिकलला लोखंड ओळखायला हेच टाकतात. अश्विनच्या नळीत जेमतेम गुलाबी छटा. माझी रक्तासारखी लाल झाली.

प्लॅटिनम नाही. लोखंड.

५ मार्च

आता सगळं कळलं आणि आता मला कळायला नको होतं.

खडेमीठ, पाणी, रात्रभर झाकलेलं उखळ. लोखंडाला गंज चढवायची याहून चांगली रीत नाही. खालाने तिखटाचा कण राहू नये म्हणून धुतलं आणि मी त्यावर खूश होऊन टरफलं ओतली. गंज पुडीत मिसळला, भट्टीत गेला, आणि नायट्रोजनने लोखंडाचा एकेक अणू असा धरून ठेवला की अॅसिडलाही सोडवता आला नाही. ऑक्सिजनला ढोसणारा नायट्रोजन नव्हताच. नायट्रोजनने धरून ठेवलेलं लोखंड होतं. मी ज्याला स्वच्छता समजत होते तीच भेसळ होती. अश्विन 'कुठे' म्हणाला तेव्हा त्याने बरोबर तेच विचारलं होतं आणि मी त्याच्या अंगावर गेले.

सगळ्यात वाईट हे की असा लोखंड-नायट्रोजनवाला कार्बन जगाला आधीच माहीत आहे. कितीतरी लॅब मुद्दाम बनवतात. माझं जे नवीन होतं ते एकाच शब्दात होतं, आणि तो शब्द खोटा निघाला.

रडले. रोजा होता, पाणीही पिता आलं नाही.

८ मार्च

सरांना दोन्ही नळ्या दाखवल्या. ते खिडकीपाशी घेऊन गेले, उन्हात धरल्या, परत आणून ठेवल्या. दार लावून घेतलं.

बराच वेळ ते समजावत होते आणि त्यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नव्हतं, हेच वाईट. थोडंफार लोखंड सगळ्यांच्याच कार्बनमध्ये असतं म्हणे. उद्या प्रत्येकाने आपली भुकटी जाळून बघितली तर निम्मे पेपर मागे घ्यावे लागतील. आधी सादरीकरण कर, प्रबंध जमा कर, मग सवडीने दुसरा पेपर लिहू, त्यात लोखंडाचं सांगू. कोणी फसवलं असं होत नाही.

मी म्हटलं, सर, शीर्षकातच धातूविरहित लिहिलंय.

"अरिबा, पेपर मागे गेला तर तुझ्याबरोबर माझंही नाव जातं. आणि तुझं सादरीकरण तिथेच थांबेल. पुन्हा पहिल्यापासून. करशील?"

मी नळ्या उचलून बाहेर आले. सर वाईट नाहीत. माझं पहिलं भाषण त्यांनी शब्द न् शब्द बसवून घेतलं होतं.

१२ मार्च

दोन दिवस स्वतःलाच पटवत होते की सर म्हणतात तसं करू. थकलेय मी. माझ्याबरोबर बीएस्सी झालेल्या मुली शाळांमध्ये शिकवायला लागल्या, त्यांना कोणी भुकटी जाळायला सांगत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा पेपर वाचून कुठे तरी कोणीतरी माझ्या कृतीने भुकटी करेल. त्याच्याकडे जैतुन खाला नाही. त्याची चालणार नाही. तो परत करेल, तिसऱ्यांदा करेल, त्याचे सर त्याला सांभाळून विचारतील. आणि मग कधीतरी तो म्हणेल, ही अरिबा पिंजारी खोटारडी आहे. तेव्हा तो खरं बोलत असेल. प्लॅटिनमचं बोलणारे खोटे होते, म्हणून मी ताठ मानेने भांडले. याच्याशी मी कशी भांडणार?

अम्मीला फोन केला, निम्मंच सांगितलं. ती म्हणाली, सरांना दुखवू नको. मला हवं होतं की कोणीतरी म्हणावं, दुखव.

२० मार्च

झालं.

हॉल भरलेला. पलीकडच्या लॅबवाल्या पुढच्याच रांगेत, तमाशा बघायला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यावर रेष हलत नाही. सर त्यांच्या शेजारी. सकाळी सरांना सांगितलं होतं की मी सगळं बोलणार आहे. ते हो-नाही काही म्हणाले नव्हते.

पहिल्या स्लाइडवर शीर्षक, आणि 'धातूविरहित' या शब्दावर आडवी रेघ. हॉलमध्ये कुजबुज. बाईंनी लगेच विचारलं, तो शब्द का खोडला.

"कारण तो खोटा आहे, मॅडम."

मग सगळं सांगितलं. मिक्सर जळाला, सटाणा गाडी, मिरची कांडप, खडेमीठ, गंज. कोणीतरी फिसकन हसलं. मी थांबले आणि म्हटलं, हसा, पण ते उखळ तुमच्या दळणयंत्रापेक्षा जास्त स्वच्छ धुतलं होतं, चूक तिथेच आहे. दोन्ही राखा दाखवल्या. पांढरी आणि विटकरी.

बाईंनी विचारलं, "तुमच्या गाइडना हे माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "हो. तिने मला आधीच सांगितलं होतं. मीच थांब म्हणालो होतो."

मला त्या क्षणी सरांवर रागावता आलं नाही, आणि त्याचाच राग आला.

निकाल असा. प्रबंध जमा करता येणार नाही. शीर्षक बदलून काम नव्याने, सहा महिन्यांनी परत समितीपुढे. बाई म्हणाल्या की लोखंड-नायट्रोजनचं काम बऱ्याच जणांनी केलंय, मग यात तुमचं नवीन काय. मी म्हटलं, अजून काही नाही, शोधते. त्यांनी मान डोलावली आणि कागद गोळा केले. शाबासकी वगैरे काही दिली नाही. मला नकोच होती.

बाहेर पलीकडच्या लॅबमधली ती मैत्रीण म्हणाली, म्हणजे धातू होताच की. मी म्हटलं, होता. आणि तो शोधला कोणी? ती गेली.

२५ मार्च

पेपर मागे घेत असल्याचं मेल गेलं. मी लिहिलं, कारणासकट, आडवळण न घेता. सरांनी वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठव म्हणाले. मग म्हणाले की नवीन कामात लोखंड मोजून घालू, किती घातलं तर किती चालते ते बघू. 'बघू' म्हणाले. म्हणजे ते माझे गाइड राहणार आहेत. मी विचारायला घाबरत होते.

अश्विनची माफी मागितली. तो म्हणाला, चालतं. झालं त्याचं एक वाक्य.

१ एप्रिल

ईद काल झाली. देवळ्यात आहे. काल दिवसभर घरात माणसांची ये-जा, आणि जो येईल त्याने शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मला मुबारक म्हणायचं, ईदचं नव्हे, पेपरचं. अम्मीने गल्लीभर सांगितलंय, हे मला कालच कळलं. परदेशात नाव छापून आलं म्हणे. मी हसून मान हलवत राहिले आणि आतून मरत होते. दुपारी खाला आली, तिला एकटीला बाजूला घेऊन मुसळांच्या गंजाचं सांगितलं. ती आधी रुसली, मग म्हणाली, मग पुढल्या टायमाला नको धुवू का?

आज सकाळी अम्मीबरोबर भांडी घासताना एकदाचं बोलून टाकलं. अम्मी, ते छापलेलं नाव निघालं. पेपर मागे घेतला.

तिचा हात थांबला. "कोणी काढलं?"

"मीच."

"कोणी बळजबरी केली?"

"नाही. चुकीचं होतं. कोणाला माहीत नव्हतं, मला सापडलं. डिग्रीही लांबली, अम्मी."

तिने हात धुतले, ओढणीला पुसले, चपला घातल्या. मला वाटलं, रागाने निघाली. मागोमाग दारापर्यंत गेले, तर ती समोरच्या पायरीवर उभी राहून शेजारणीला सांगत होती, पलीकडच्या दोन घरांत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, की आमच्या अरिबाचं नाव छापलं होतं ना, त्यात चूक होती, ती तिनेच पकडली आणि स्वतःचं नाव स्वतः काढून घेतलं.

मी जाऊन अम्मीचा हात ओढला. म्हटलं, राहू दे ना, लोक काय म्हणतील.

"म्हणू देत. छापून आलं तेव्हा घरोघर मी सांगत फिरले. आता हेही मीच सांगणार," असं म्हणून तिने हात सोडवला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.